फाटलेला बूट



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. शीर्षक वाचून कुणाला वाटेल, बाईंचा फिरायला जायचा बूट फाटला आणि आता त्यावर दोन पानं चिंतन वाचायला लागणार. तसं नाही. हा बूट गाडीचा आहे. गाडीलाही बूट असतो हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं, आणि तो बदलतात कसा हे कळायला २०२४ साल उजाडावं लागलं. तेही लेकीच्या घरी, कोलोरॅडोत, तिच्या गॅरेजमध्ये, प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून.

(तिकडे गॅरेज म्हणजे घरालाच चिकटलेली गाडी ठेवायची खोली. आपल्याकडचं गॅरेज वेगळं. त्याबद्दलही पुढे येणारच आहे.)

तर झालं असं. माझा नातू वीस वर्षांचा. ब्लॉगवर नाव घालायचं नाही अशी त्याची सक्त ताकीद आहे, म्हणून त्याला आपण धाकटे साहेब म्हणू. धाकट्या साहेबांनी सुट्टीत कामं करून साठवलेल्या पैशांतून एक जुनी टोयोटा टॅकोमा घेतली आहे, २००९ची. पिकअप म्हणजे पुढे माणसं आणि मागे उघडा हौदा. शिवाय तिला त्याने पुढून तीन इंच उचलून घेतलंय. पुढचे स्प्रिंग आणि शॉक-अब्सॉर्बर बदलून लांब बसवले की गाडीचं अंग चाकांपासून वर जातं. मला आत चढायला तेच प्लॅस्टिकचं स्टूल लागतं. हे कशासाठी, तर तिकडे यूरे आणि सिल्व्हरटन या गावांच्या आसपास डोंगरात जुन्या खाणींच्या वाटा आहेत. दगडधोंड्यांच्या, अरुंद. त्यावरून ही मुलं गाड्या चढवतात. पोटाला दगड लागू नये म्हणून पोट उंच.

आमच्या जावईबापूंना ही गाडी पहिल्या दिवसापासून आवडत नाही. पण भांडण गाडीचं नव्हतंच. धाकट्या साहेबांना दुसऱ्या वर्षानंतर इंजिनिअरिंगचं कॉलेज सोडून कम्युनिटी कॉलेजात मोटार दुरुस्तीचा दोन वर्षांचा कोर्स करायचा होता. घरात त्यावरून महिनाभर अबोला. बाप मुलाशी बोलायचा तो आईमार्फत, आणि मुलगा बापाशी बोलायचा तो दार आपटून. मी पोचले त्या आठवड्यातच जावई मला म्हणाले, "आई, तुम्ही पस्तीस वर्षं शिकवलंत. तुमचं तो ऐकेल. तुम्हीच सांगा त्याला."

लेकीच्या घरी आपण दोन महिन्यांच्या पाहुण्या. जावई काही मागत नाहीत कधी, हे एवढंच मागितलं. मी "बघते" म्हटलं.

एका रविवारी धाकटे साहेब डोंगरातून परत आले ते तोंड पाडून. पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला सगळीकडे काळं ग्रीस उडालेलं. रिमवर, खालच्या दांड्यावर, ब्रेकच्या नळीवर. जणू कुणी काजळाची डबी फिरवून फेकली. "सीव्ही बूट फाटला," तो म्हणाला. मी पटकन म्हणून गेले, "आवाज येतोय का वळताना? कट-कट-कट?" तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "आजी, तुला कसं माहीत?"

कसं माहीत ते सांगते, पण आधी बूट म्हणजे काय ते सांगायला हवं. शिक्षिकेची खोड, इलाज नाही. :)

इंजिनाची ताकद पुढच्या चाकांपर्यंत न्यायची तर मधे फिरणारा दांडा हवा. पण पुढचं चाक खड्ड्यात खालीवर होतं आणि वळताना डावीउजवीकडेही फिरतं. म्हणजे दांडा फिरता फिरता वाकायला हवा. आपल्याकडच्या जुन्या जीपगाड्यांखाली क्रॉसचा सांधा असायचा, तो वाकतो. पण वाकलेला असताना तो एका फेऱ्यात दोनदा जोरात आणि दोनदा हळू फिरतो. वळणारं चाक असं हिसके देत फिरलं तर गाडी हाकणं कठीण. म्हणून १९२०च्या दशकात आल्फ्रेड रझेप्पा नावाच्या अमेरिकेतल्या इंजिनिअरने एक सांधा शोधला. वाटीत एक गोळा, दोन्हींना खाचा, आणि त्या खाचांत अडकलेल्या सहा पोलादी गोळ्या. सांधा कितीही कोनात वळला तरी गोळ्या नेमक्या अर्ध्या कोनात उभ्या राहतात, आणि वेग कमीजास्त होत नाही. सीव्ही म्हणजे वेग कायम ठेवणारा, एवढाच अर्थ.

या गोळ्यांना सतत ग्रीस हवं आणि धूळ अजिबात नको. म्हणून सांध्यावर रबराची चुणीदार टोपी चढवतात आणि दोन्ही तोंडांना पट्ट्या आवळतात. तो बूट. दिसायला अगदी पेटीच्या भात्यासारखा. माझ्या वडिलांच्या पेटीचा भाता घडीवरच फाटायचा, मधे कधीच नाही. इथेही तेच. गाडी तीन इंच उचलली की डिफरन्शियल तिच्याबरोबर वर जातं, चाकं मात्र जमिनीवरच राहतात. मग जो दांडा जवळजवळ आडवा होता तो तिरका होतो. भात्याच्या एका बाजूच्या घड्या कायम चेपलेल्या, प्रत्येक फेऱ्याला एकमेकींवर घासतात, त्यात धूळ बसली की कानशीच झाली. एक दिवस चीर पडते, फिरण्याच्या जोराने ग्रीस बाहेर उडतं आणि त्याच वाटेने पाणी-माती आत शिरते.

दुकानात नेली तर त्यांनी दांडा नवा घालायचा म्हणून मजुरीसकट हजार डॉलरच्या वर आकडा सांगितला. जावई म्हणाले (लेकीला, अर्थात), "विकून टाक म्हणावं." धाकटे साहेब म्हणाले, आवाज येत नाहीये, म्हणजे सांधा अजून शाबूत आहे. नुसते बूट, ग्रीस आणि पट्ट्या आणल्या तर पन्नास डॉलरच्या आत काम होतं. बाजारात स्वस्तातले अख्खे दांडेही मिळतात, पण त्यांचं पोलाद आणि बनावट मूळच्या तोडीची असेलच असं नाही. मूळचं चांगलं असताना फेकायचं कशाला? हे मला तरी पटलं.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं गॅरेजात. माझ्याकडे कामं तीन. बॅटरी धरणं, प्रत्येक पायरी वहीत लिहिणं, आणि काढलेले नट-बोल्ट केक भाजायच्या खळग्या-खळग्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवणं. लेकीचा ट्रे. तिला तो आता परत नको आहे.

मागच्या चाकांना ओंडके लावले. चाक जमिनीवर असतानाच मधला मोठा नट ढिला करून घ्यायचा, नंतर उचलल्यावर चाक नुसतं गरगरतं. त्या नटाला ३५ मिलिमीटरचा पाना लागतो. नटावर टोपी, टोपीत स्प्लिट पिन. ती इतकी गंजलेली की तुकड्यातुकड्यांनी निघाली. मग पान्याला लोखंडी नळी जोडून त्यावर धाकटे साहेब जवळजवळ उभे राहिले तेव्हा नट 'कर्रर्र' करून हलला. मग जॅक, आणि जॅकवर विश्वास न ठेवता खाली स्टँड. चाक काढलं. ब्रेकची नळी आणि सेन्सरची वायर यांच्या पकडी सोडल्या, नाहीतर चाकाचा ठोकळा बाहेर ओढताना त्या ताणून तुटतात. खालच्या बॉल जॉइंटचे बोल्ट सोडले, ठोकळा बाहेर झुकवला, आणि दांडा हबमधून मागे सरकवला. दुसरं टोक डिफरन्शियलमध्ये तारेच्या लॉकने अडकलेलं असतं. पहारीसारखी सळई घालून एक हिसका. दांडा त्याच्या मांडीवर आणि चमचाभर तेल माझ्या चपलेवर.

इथून पुढचं काम टेबलावरचं, आणि ते मला फार आवडलं. फाटला होता बाहेरचा बूट, चाकाकडचा. पण ह्या दांड्याचा बाहेरचा सांधा निघत नाही. आतल्या बाजूचा सांधा काढून, आतला बूट उतरवून, मग बाहेरचा बूट त्या टोकाकडून ओढून काढायचा. दुखणं एकीकडे आणि कापायचं दुसरीकडे! सोडण्याआधी त्याने पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या, कुठला भाग कुठल्यासमोर होता त्याच्या. जे भाग वर्षानुवर्षं एकमेकांना घासून बसलेत त्यांना त्याच जागी परत बसवायचं.

जुनं ग्रीस पुसलं. त्याला वास असा येतो की काय सांगू. काळं, मॉलिब्डेनमवालं. मी जुन्या टूथब्रशने गोळ्यांच्या मधून घासत होते आणि तो सांधा फिरवून एकेक खाच बॅटरीखाली तपासत होता. बोटाने चाचपून, डोळे मिटून. खड्डा नाही, ओरखडा नाही. "सी, आजी? स्मूथ." मला तो त्या क्षणी जसा दिसला तसा अभ्यासाच्या टेबलावर मी कधी पाहिला नव्हता. लहानपणी सुट्टीत माझ्याकडे यायचा तेव्हा बाराखडी गिरवताना सारखा खिडकीबाहेर बघायचा हा मुलगा.

आणि इथे मला तो दुसरा मुलगा आठवला. खरं म्हणजे सकाळपासून आठवतच होता.

१९८८ची गोष्ट. नववीचा वर्ग, मराठीचा तास. मागच्या बाकावरच्या मुलाची वही घेतली तर निबंधाच्या पानावर ग्रीसचे ठसे आणि शुद्धलेखनाच्या चुका मोजण्यापलीकडे. मी वही वर धरून सगळ्या वर्गाला दाखवली आणि म्हटलं, "असंच लिहीत राहिलास तर जन्मभर टायर बदलत बसशील." वर्ग हसला. तोही हसला. त्याचे वडील एसटी स्टँडसमोर पंक्चर काढायचे आणि टायर बदलायचे, हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच ते वाक्य सुचलं, हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

तो दहावीला दोनदा नापास झाला आणि मग दिसेनासा झाला. २००३ मध्ये ह्यांनी जुनी मारुती ८०० घेतली. तिचीही ताकद पुढच्याच चाकांना, म्हणजे तिलाही हेच सांधे आणि हेच बूट. काही महिन्यांत वळताना कट-कट आवाज यायला लागला. कुणीतरी सांगितलं त्या गॅरेजमध्ये नेली. गाडीखालून एक माणूस सरपटत बाहेर आला, हात पुसले आणि "बाई, बसा" म्हणून खुर्ची दिली. केस पांढरे व्हायला लागलेले, पण ओळखलं मी लगेच. त्याने चाक वळवून दाखवलं आणि म्हणाला, "बाई, टायर नाही बदलायचा. बूट बदलायचाय."

आणि हसला. टोमणा होता की नुसतंच गाडीबद्दलचं वाक्य होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. विचारायचं धैर्य झालं नाही. बूट फाटून फार दिवस झाले होते, आत माती गेली होती, शेवटी अख्खा सांधाच बदलावा लागला. खराब झालेली गोळी त्याने माझ्या तळहातावर ठेवली. चकचकीत पोलादाला देवीच्या व्रणांसारखे खड्डे. त्यानंतर मारुती विकेपर्यंत आम्ही त्याच्याकडेच जात होतो. पैसे तो चोख घ्यायचा, काम त्याहून चोख करायचा. पाच वर्षांत मी त्याला दहा-बारा वेळा तरी भेटले असेन, आणि दर वेळी घरून निघताना ठरवायचे की आज ते वाक्य काढायचं. दर वेळी पावसाबद्दल बोलून परत यायचे.

असो. गॅरेजात परत येते.

नवा बूट चढवताना घोटाळा झाला, आणि तो माझ्यामुळे. दांड्याच्या टोकाला दाते असतात, करवतीसारखे. त्यावरून बूटाचं लहान तोंड सरकेना. तो म्हणाला थांब, टेप लावू. टेप सापडेना. मी म्हटलं, "अरे ढकल रे, जाईल!" ढकलला. गेला. आणि आतून नखभर चीर पडली. नखभर असली तरी चीरच. दुकान बंद व्हायची वेळ झालेली, नवा बूट सोमवारशिवाय मिळणार नव्हता.

तो चिडला नाही. मी वर्गात अशा वेळी काय केलं असतं ते मला नीट ठाऊक आहे.

सोमवारी संध्याकाळी पुन्हा बसलो. या वेळी मी स्वयंपाकघरातून पातळ प्लॅस्टिकची पिशवी आणली. घट्ट बांगड्या भरताना आपण हाताला पिशवी घालतो ना, तशी ती दात्यांवर घट्ट गुंडाळली, वरून ग्रीसचं बोट फिरवलं, आणि बूट सुळकन गेला. मग पिशवी ओढून काढली. "आजी, दॅट्स जीनियस," म्हणाला. जीनियस कसलं, कासारणीची अक्कल.

मग बूटाबरोबर आलेल्या पुड्या फोडून ग्रीस भरायचं. नुसतं वरून फासून चालत नाही, अंगठ्याने गोळ्यांच्या मागे दाबत जायचं, दुसऱ्या बाजूने येईपर्यंत. हे सगळं मी केलं. भरल्या वांग्याचा हात आहे माझा. पट्टी आवळायच्या आधी बूटाच्या ओठाखाली बोथट स्क्रू ड्रायव्हर घालून कोंडलेली हवा सोडायची, नाहीतर भाता फुगलेला किंवा चेपलेला राहतो आणि पुन्हा घासतो. मग पट्ट्या खास पकडीने आवळल्या.

याच वेळी घरातलं दार उघडलं आणि जावई आले. पायरीवर उभे राहिले. मुलगा काही बोलला नाही, बापही नाही. माझ्या हातात ग्रीस कोपरापर्यंत. थोड्या वेळाने जावई म्हणाले, "स्टँड नीट लागलेत ना?" हे त्याला थेट विचारलं होतं. महिनाभरातलं पहिलं वाक्य असावं. तो म्हणाला, "हो बाबा." जावई खाली वाकून स्वतः बघून आले, आणि गेले.

दांडा परत बसवणं म्हणजे काढण्याची उलट वही. माझ्या वहीत एक पायरी राहिली होती, सेन्सरच्या वायरची पकड. ती त्याच्या लक्षात होती. शेवटी मधला नट. तो अंदाजाने आवळायचा नसतो. १७३ फूट-पौंड, म्हणजे २३५ न्यूटन-मीटर. त्यासाठी ठरलेला जोर पोचला की 'टक्' करणारा लांब पाना असतो. चाक जमिनीवर टेकवलं, मी ब्रेकवर पाय ठेवून बसले (स्टुलावरून चढून), आणि टक् झालं. नवी स्प्लिट पिन.

रात्री जेवणं झाल्यावर जावई मला म्हणाले, "बोललात का त्याच्याशी?" मी म्हटलं, नाही बोलले. आणि मग त्यांना त्या नववीतल्या मुलाची गोष्ट सांगितली. सगळी, वही वर धरली होती त्यासकट. लेकीलाही ती माहीत नव्हती. ती ताट उचलता उचलता थांबली. जावई बराच वेळ टेबलाकडे बघत होते. मग म्हणाले, "ते वेगळं, आई. त्याला दुसरा मार्गच नव्हता. याला आहे."

त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे मला मान्य करायला हवं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं की मी सांगणार नाही त्याला, मला ते जमायचं नाही. तुम्ही बाप आहात, तुम्हीच बोला. पण त्याच्याशी बोला, लेकीशी नको. त्यांना राग आला असेल तर त्यांनी दाखवला नाही. "झोपा आता," म्हणाले, "दमलात."

रात्री धाकट्या साहेबांनी गाडी एक चक्कर मारून आणली आणि डाव्या चाकाखाली पुठ्ठा पसरून ठेवला. ग्रीस उडालं-गळलं तर सकाळी डाग दिसावा म्हणून. मला पहाटे जाग येतेच. साडेपाचला शाल गुंडाळून बाहेर गेले, तर पुठ्ठ्यापाशी जावई आधीच वाकलेले, हातात फोनची बॅटरी. पुठ्ठा कोरडा होता. मी आल्याचं बघून उठले, गुडघा धरत.

"उजव्या बाजूचाही घासलाय आई, घड्यांवर रेषा दिसतायत," म्हणाले. "तो कधी करणार आहे, काही बोलला?"

"शनिवारी म्हणत होता," मी म्हटलं.

माझं परतीचं विमान गुरुवारी होतं. वही तिथेच ठेवून आले आहे, वायरच्या पकडीची पायरी भरून.